गुंडी मागच्या सीटवर: लहान कुत्र्याला मोटरसायकलवर नेताना

मी मोटरसायकलच्या सीटा शिवतो. फोम कापायचा, रेक्झिन ताणून बसवायचं, टाके घालायचे, वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे गुंडीला गाडीवर न्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, एक खोका शिवला की काम झालं. गुंडी म्हणजे आमची कुत्री. वजन 5 किलो 400 ग्रॅम, जात विचारू नका, तिलाही माहीत नाही. पहिला खोका मी एका रविवारी शिवून काढला आणि तो दिसायला इतका छान झाला की दोन दिवस मी स्वतःवरच खूश होतो.

तिसरी फेरी. सकाळचं ऊन उजव्या अंगाला होतं आणि गाडीची लांबलचक सावली डावीकडे रस्त्यावर पळत होती. सहज नजर गेली. माझं हेल्मेट, माझे खांदे, आणि पाठीमागे एक कुत्रं. बसलेलं नाही, उभं! पुढचे दोन्ही पाय खोक्याच्या काठावर आणि अर्धं अंग बाहेर. झाकणाची चेन गाडीच्या थरथरीनं एकेक दात करत उघडत गेली होती. आतला पट्टा मी ‘तिला जरा मोकळं वाटू दे’ म्हणून चांगला दीड हात ठेवला होता. म्हणजे तिनं उडी मारली असती तर ती रस्त्यावर पडली नसती, मागच्या चाकाशेजारी लटकली असती.

त्या वेळी एक गोष्ट मात्र मी बरोबर केली, ती म्हणजे तिला हाक मारली नाही. हाक ऐकली की ती माझ्याकडे यायला निघते. थ्रॉटल सोडलं, आरशात मागची वाहनं बघितली, कडेला येत दोन्ही ब्रेक अलगद दाबले, आणि पाय टेकले की लगेच हात मागे नेऊन तिचा हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवतीचा पट्टा, मुठीत धरला. गाडी बंद करायचं नंतर सुचलं.

घरी येऊन खोका उसवला. खाली सांगतोय ते सगळं त्यानंतरचं.

आधी कुत्रं बघायचं, मग गाडी. लहान आहे म्हणून कुठलंही कुत्रं चालतं असं नाही. पग, शिह त्झू, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्यांना घरात बसूनसुद्धा श्वास घ्यायला कष्ट पडतात. गाडीवरच्या उन्हात आणि ताणात ते फार लवकर तापतात. माझ्या मते त्यांना नेऊच नये, आणि यावर मी वाद घालत नाही. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्यांच्या मणक्यातल्या चकत्या आधीच नाजूक, खड्ड्याचा एक दणका महाग पडतो. हृदयाचा त्रास असलेलं, फिट येणारं, म्हातारं, गाभण, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू, ही सगळी घरी बरी. आणि फटाक्याच्या आवाजानं पलंगाखाली शिरणारं कुत्रं इंजिनावर बसवून धीट होत नाही. बाकीच्यांनाही एकदा पशुवैद्याला दाखवून घ्या. छाती, पाठ आणि कान तपासायला सांगा. जिथे गाडी चालवता तिथला वाहतुकीचा नियम यावर काय म्हणतो तेही आधी वाचून ठेवा.

आता बसवायचं कुठे. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत उभं केलेलं कुत्रं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे धरायला काही नाही, अडवायला काही नाही, आणि ब्रेक दाबला की ते घसरून हँडलच्या दांड्यावर आपटतं. मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर? तो माणूस एका हातानं स्वतःला धरणार, एका हातानं कुत्र्याला, आणि खरी वेळ आली की कुत्र्याला धरलेला हात सोडणार. त्यात त्याची चूक नाही, हात आपोआप सुटतो. पाठीवरच्या सॅकमध्ये नेणारेही आहेत. पण माणूस गाडीवरून पडला की बहुतेक वेळा कुठल्या तरी बाजूला लोळतोच, आणि तेव्हा पाठीवर कुत्रं असतं. पोटाशी बांधलं तर ते आपण आणि टाकी यांच्यामध्ये सापडतं. टाकीवरच्या पिशवीचा फायदा असा की कुत्रं डोळ्यांसमोर राहतं; पण समोर धडक बसली तर आपलं सगळं वजन त्याच्यावर जातं, आणि पूर्ण हँडल वळवताना पिशवी आड येते. शिवाय टाकीखाली इंजिन आहे, ते तापतं.

म्हणून मी मागची सीट निवडली, माझ्या पाठीला जवळजवळ चिकटून. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे राहतं. शेपटाकडच्या कॅरिअरवर टॉपबॉक्ससारखं ठेवलं तर ते आसाच्या मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि खड्ड्याचा झटकाही तिथेच जास्त बसतो. कॅरिअरवर किती किलो चालतं ते बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेलं असतं. पाठीमागे बसवली की वाऱ्याची पहिली थप्पड माझ्या छातीवर बसते, तिच्या तोंडावर नाही. तोटा एकच, ती दिसत नाही. त्यासाठी डाव्या आरशाखाली एक छोटा फुगीर आरसा बसवला आणि तो माझ्या खांद्याच्या मागे वळवला. त्यात तिचं अर्धं डोकं आणि एक कान दिसतो. कान उभा आहे की पडलाय एवढं कळलं तरी मला पुरतं.

खोक्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, हा माझा धंदा आहे.

मोजमाप कुत्र्यावरून घ्या. आडवं झोपून अंगाची गुंडाळी करता येईल एवढी लांबी-रुंदी, त्याहून जास्त नको. जागा जास्त असली की वळणावर ते आत भिरभिरतं. बाजू बसलेल्या कुत्र्याच्या खांद्यापर्यंत उंच हव्यात. तळाला कडक पाटी, तिच्यावर फोमचे दोन थर, खालचा घट्ट आणि वरचा मऊ. नुसता मऊ फोम दुकानात दाबून बघताना छान वाटतो, पण दहा मिनिटांत तो बसतो आणि मग खड्डा सरळ हाडाला लागतो. सीटचंही असंच असतं, गिऱ्हाइकांना पटत नाही ही गोष्ट वेगळी. फोमवर न घसरणारं कापड घाला. पाय घसरणारं कुत्रं सगळा वेळ अंग ताठ ठेवून बसतं आणि अर्ध्या तासात थकतं. हवा यायला तीन बाजूंना जाळी ठेवा, मात्र नख अडकणार नाही इतकी बारीक. वरचं कापड फिक्या रंगाचं घ्या. काळं रेक्झिन उन्हात किती तापतं हे ज्याला बसायचंय त्याला विचारा. सायलेन्सरच्या बाजूला तळाखाली हात घालून बघा. अर्धा तास चालवल्यावर माझा तळ त्या बाजूनं कोमट लागत होता, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, पत्रा आणि तळ यांच्यात बोटभर हवा सोडून.

खोका गाडीला बांधायचे पट्टे सीटच्या वरून घेऊ नका. सीट काढा, पट्टे चेसिसवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, फिरवून घ्या आणि मग सीट बसवा. पट्ट्यांची उरलेली टोकं कापून जाळून घ्या किंवा शिवून टाका. लोंबणारं टोक चाकाच्या चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं.

आणि आतला पट्टा. तो नेहमी हार्नेसला लावायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. लहान कुत्र्यांची श्वासनळी मऊ असते, एका झटक्यात दुखावते. हार्नेस छातीवर रुंद पट्टीचा घ्या, खाली दोन बोटं जातील इतका घट्ट. मी दोन्ही बाजूंनी एकेक असे दोन आखूड पट्टे लावतो. बसता येतं, आडवं होता येतं, मान फिरवता येते, पण पुढचा पाय खोक्याच्या काठावर ठेवता येत नाही. लांबी तपासायची ही एकच खूण. हूक लोखंडी आणि स्क्रूनं बंद होणारा घ्या. दाबून सुटणारी प्लास्टिकची बकलं झाकणाला चालतील, जिवाला नाहीत. झाकणाला चेन असेल तर तिच्या सरकत्या टोकाला एक छोटी कडी लावून अडकवून टाका. माझी कशी उघडली ते सांगितलंच.

पट्ट्यावर किती जोर येतो याचा हिशेब एकदा मांडून बघितला. नेहमीच्या कडक ब्रेकला गुंडी पट्ट्याला साधारण 4 किलोनं ओढते, ते काहीच नाही. पण ताशी 40 किलोमीटरवर असलेली गाडी कशाला तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर हीच 5.4 किलोची कुत्री पट्ट्याला 68 किलोच्या ओझ्यासारखी ओढणार. नायलॉनची पट्टी तेवढं सहज पेलते. सुटतो तो टाका. म्हणून पट्ट्याच्या टोकाला नुसती आडवी शिवण घालू नका. चौकोन शिवा आणि त्याच्या आत फुली मारा, जाड नायलॉन दोऱ्यानं. शिवून झाल्यावर मी एका टोकाला लोंबकळून बघितलं. बायको म्हणाली, तुम्ही 5 किलोचे नाही. तेच तर.

गुंडीच्या आधी त्या खोक्यात वाळू फिरली. तिच्या वजनाची वाळूची पिशवी भरली, तिचाच हार्नेस तिच्यावर चढवला, दोन्ही हूक लावले आणि तासभर खड्ड्या-वळणांतून हिंडलो. परत आलो तर खोका दोन बोटं मागे सरकलेला. खाली रबराचा तुकडा घातला, पुन्हा फिरलो, तेव्हा हलला नाही. हे प्रत्येकानं करावं. वाळूचं काही बिघडत नाही.

सवय लावायला आम्हाला पाच आठवडे लागले. पहिला आठवडा खोका घरात जमिनीवर, तिचं अंथरूण त्यात. ती स्वतःहून दुपारी त्यात झोपायला लागली तेव्हा तो मेन स्टँडवरच्या बंद गाडीवर गेला. मग हूक लावून दोन मिनिटं, पाच मिनिटं, प्रत्येक वेळी खाऊ. इंजिन मी आधी ती दहा पावलांवर असताना चालू केलं, रोज एकेक पाऊल जवळ. आमचं घोडं अडलं ते हेल्मेटवर. हेल्मेट घातलेला मी म्हणजे तिच्या लेखी कुणी तरी परका माणूस, आणि ती भुंकायची. मग चार दिवस मी हेल्मेट घालून तिला जेवण वाढलं, हेल्मेट घालूनच पेपर वाचला. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजू दे. पहिली खरी फेरी 300 मीटरची होती, पहिल्या गिअरमध्ये.

या काळात तोंडाकडे बघत राहा. उगाच जांभया, सारखी ओठांवरून फिरणारी जीभ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायांत, लाळ, या सगळ्याचा अर्थ ‘आज एवढंच’. तिथून एक पायरी खाली यायचं. गुंगीचं औषध देऊन नेण्याचा विचारही नको. त्यानं तोल जातो आणि अंगाचं तापमान सांभाळण्याची ताकदही कमी होते.

डोळ्यांना गॉगल हवाच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, 40 वरून 80 वर गेलात की तो चौपट. त्या वाऱ्यात एक धुळीचा कण बुबुळावर जखम करतो. कुत्र्यांसाठी खास गॉगल मिळतात, पट्टा डोक्यामागून आणि हनुवटीखालून जाणारे. आधी नुसता पट्टा घाला, काच नंतर. गुंडीनं पहिला गॉगल पंजानं काढून चावला, दुसरा वापरतेय. कान आपल्यापेक्षा खूप तीक्ष्ण असतात. आपल्याला 20,000 हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यांना 45,000 च्या आसपासचं येतं. म्हणून कानांवरून मऊ कापडाची नळी ओढून घेतो, गळ्याशी सैल. सायलेन्सर बदलून आवाज वाढवलेली गाडी असेल तर कुत्र्याला विसरा.

चालवताना मी गावात 40 आणि मोकळ्या रस्त्यावर 60 च्या वर जात नाही. गतिरोधकावर जवळजवळ थांबतो, कारण उभं राहून गुडघ्यांवर धक्का घ्यायची सोय तिला नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करतो. सिग्नलला मोठ्या वाहनाच्या मागे उभं राहत नाही, त्यांचा धूर नेमका तिच्या नाकाच्या उंचीला येतो. लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद. मागे कुत्रं असताना तिसरं कुणी गाडीवर नाही, सामानही नाही.

आता उन्हाचं. मला विचाराल तर पडण्याइतकीच भीती याची बाळगा. आपल्याला घाम येतो, त्यावर वारा लागला की गार वाटतं, आणि आपण समजतो तिलाही छान वाटत असेल. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांना, नावापुरता. त्याला गार व्हायला धाप टाकणं हाच मुख्य मार्ग. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 सेल्सिअस असतं. हवा त्याच्याही वर गेली की वारा गार करत नाही, शेकतो. 41 च्या वर अंग गेलं तर जिवावर बेततं. माझा नियम, सावलीत 28 च्या वर पारा असेल तर गुंडी घरी. कुणाला हे फार कमी वाटेल, वाटू दे.

तरीही डोळा ठेवायचा. जीभ रुंद, चपटी होऊन बाहेर लोंबायला लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट दोऱ्यासारखी झाली, उतरवल्यावर पाय लटपटले, तर ऊन लागलंय. सावलीत घ्या, दोरी गळपट्ट्याला लावून हातात धरा आणि मग हार्नेस काढा. पोट, जांघा, पाय, सगळं अंग साध्या गार पाण्यानं भिजवा आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. ओला टॉवेल अंगावर तसाच ठेवू नका, तो तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी थोडं थोडं द्या, ओतू नका. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या, आणि उठून शेपूट हलवायला लागली तरी न्या, कारण आतला त्रास काही तासांनी दिसतो. थंडीतही लहान कुत्रं लवकर गारठतं. अंगात जाकीट घाला, आणि भिजलेल्या कुत्र्याला वाऱ्यात नेऊ नका.

जेवण निघण्याआधी तीन तास. थांबा दर पाऊण तासाला, दहा मिनिटांचा, पाणी आणि शू. जमिनीवर सोडण्याआधी हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. तुमचा हात टिकला नाही तर तिचे तळवेही टिकणार नाहीत.

उतरवतानाचा क्रम मात्र घोकून ठेवा. इंजिन बंद, स्टँड, आधी दोरी हार्नेसला, मग आतले हूक सोडायचे. उलटं केलंत तर मधले दोन सेकंद कुत्रं कशालाच बांधलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच रस्त्यापलीकडून मांजर जातं. तिला सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं उचलून घ्या, उडी मारू देऊ नका.

पडायची वेळ येते असं धरून चाला. गळपट्ट्यावर नाव आणि फोन नंबर, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप आणि तिच्या नोंदीत आजचा चालू नंबर. खोक्याच्या बाहेर ठळक अक्षरांत ‘आत कुत्रं आहे’ आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लिहा, कारण तुमचा फोन तेव्हा तुमच्याच खिशात वाजत असेल. किटमध्ये पट्टी, चिकटपट्टी, डोळे धुवायचं सलाइन, थर्मामीटर आणि दोरी. शेवटची दोरी जास्तीची. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा उचलण्याआधी तोंडाभोवती पट्टीचा सैल फास घ्यावा. पण धाप लागली असेल, ओकत असेल किंवा नाक चपटं असेल तर तोही नको, टॉवेलमध्ये गुंडाळून उचला.

घरी आल्यावर डोळे पुसून बघतो, बोटांमधले खडे काढतो, काखेत हार्नेस घासलाय का ते चाचपतो. मग खोका. पट्टे काळे असले तरी मी त्यांवर दोरा लाल घालतो. काळ्यावर काळा दोरा दिसायला छान असतो, पण त्यातला एक टाका तुटला तर कळत नाही; लालातला दोन हातांवरून दिसतो. डाव्या पट्ट्याची फुली या वर्षात दोनदा उसवून नव्यानं शिवली आहे. गुंडी नेहमी डावीकडेच का झुकते ते मला अजून समजलेलं नाही.